उणे ऐंशीतली कोमट ट्यूब

मला गोष्टी रचता येत नाहीत. सव्वीस वर्षं मी फक्त रजिस्टर लिहिलं. कुठली वस्तू, किती, कधी बाहेर गेली, कधी आत आली. तेवढंच लिहिता येतं, तेव्हा हेही तसंच लिहितो.

ज्यांना पटायचं त्यांना पटेल. न पटणाऱ्यांशी माझं भांडण नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीच म्हणालो असतो, बायको गेली आणि बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

पण हे घडलंय. माझ्यासमोर घडलंय.

रात्र नव्हती. दिवे गेले नव्हते. वादळ वगैरे काही नव्हतं. मंगळवार होता, दुपारचे तीन चाळीस. जागा, आमच्या कंपनीची फ्रीझरची खोली.

आधी कंपनीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही प्रोटीन बनवतो. व्यायामशाळेतली पोरं डब्यातून खातात ते नव्हे. प्रयोगशाळांना रोगांचा अभ्यास करायला माणसाच्या शरीरातलं एखादं प्रोटीन हवं असतं. ते माणसातून काढत बसता येत नाही. म्हणून त्याचा जनुक जीवाणूत घालतात. जीवाणू वाढत राहतात आणि ते प्रोटीन बनवत राहतात. मग ते जीवाणू फोडायचे, गाळायचे, शुद्ध करायचे. दहा दिवस राबल्यावर शेवटी हातात येतात छोट्या छोट्या ट्यूब. बोटाच्या पेराएवढ्या. प्रत्येकीत एक थेंब.

तो थेंब शुद्ध करायचं काम माझी बायको करायची.

आणि तो सांभाळायचं काम माझं. मी स्टोअरकीपर. कंपनीत मला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे 'स्टोअर' म्हणतात. बायको घरीसुद्धा तेच म्हणायची. "अहो स्टोअर, मीठ कुठल्या कप्प्यात ठेवलंत?"

आमच्या प्रत्येक ट्यूबवर लेबल असतं, 'फक्त संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.' रविवारी घरी स्वयंपाक मी करायचो. एकदा तिने ते लेबल आणून माझ्या आमटीच्या पातेल्यावर चिकटवलं होतं. मुलगी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती.

असं आमचं घर होतं.

फ्रीझरच्या खोलीत तीन मोठे फ्रीझर आहेत. आतलं तापमान शून्याच्या खाली ऐंशी. आम्ही त्यांना 'उणे ऐंशी' म्हणतो. आत हात घातला तर कातडी चिकटते, पण बाहेर खोलीत मात्र उकडतं. तीन यंत्रं दिवसरात्र गरम हवा सोडत असतात आणि घरघरत असतात. ती घरघर इतकी सवयीची झालेली असते की ऐकूच येत नाही.

तिथला एकच नियम. ट्यूब बाहेर काढली की मोठ्याने म्हणायचं, "बाहेर!" आणि रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. परत ठेवली की म्हणायचं, "आत!" पुन्हा वेळ लिहायची. दोघं काम करत असतील तर एक विचारतो, "आत?" दुसरा सांगतो, "आत."

कारण प्रोटीन एकदा वितळलं की वितळलं. ते परत गोठवायचं नाही. काही प्रोटीनं सोसतात. पण नाजूक असेल तर मरतं. वाईट म्हणजे दिसायला काहीच फरक पडत नाही. तोच थेंब, तेच लेबल. आत काहीच उरलेलं नसतं.

आम्ही दोघं घरीही तसंच बोलायचो. दूध फ्रिजमधून काढलं की ती ओरडायची, "बाहेर!" मुलगी रात्री उशिरा आली की ही अंथरुणातून विचारायची, "आत?" मी दाराला कडी लावून म्हणायचो, "आत." मगच ती झोपायची.

आता ती गेली त्या गुरुवारचं सांगतो.

आदल्या आठवडाभर तिचं डोकं दुखत होतं. तरी ती कामावर येत होती, कारण एक लॉट संपवायचा होता. फार नाजूक प्रोटीन होतं. अठ्ठेचाळीस ट्यूब. तिने तो पूर्ण केला, त्याची चाचणी केली, प्रोटीन किती काम करतं त्याचा आकडा लिहिला. उत्तम आला होता.

गुरुवारी सकाळी ती स्वयंपाकघरात पडली.

आम्ही तिला दवाखान्यात नेलं. दुपारपर्यंत शुद्धीवर आली. मला बघून म्हणाली, "तुम्ही इथे काय करताय? आज माझा लॉट जायचाय. जा, नीट भरून द्या."

मी म्हणालो, "लॉट गेला खड्ड्यात."

"खड्ड्यात नको, उणे ऐंशीत राहू दे," ती म्हणाली. हसलीसुद्धा. मुलगी तिथे होती, डॉक्टर धोका नाही म्हणाले होते. मी गेलो.

तीन चाळीसला मी तिचा रॅक बाहेर काढला. "बाहेर" म्हणालो. वेळ लिहिली. ट्यूब वेगळ्या करायला बसलो.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, लगेच ये."

मी धावलो.

रॅक टेबलावर तसाच राहिला.

मी पोचलो तेव्हा ती जागी होती. तोंड थोडं वाकडं झालं होतं. बोलायला त्रास होत होता. माझ्याकडे बघून तिने एकच शब्द विचारला.

"आत?"

नर्सला वाटलं, डॉक्टर आत आहेत का विचारतेय. ती म्हणाली, "येतील हं आत्ता."

मला कळलं होतं.

मी म्हणालो, "आत."

तिने डोळे मिटले.

सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी किरकोळ खोटं पुष्कळदा बोललो असेन. पण उणे ऐंशीबद्दल कधीच नाही. तेवढं एकदाच. आणि ती माझ्याशी तेवढंच शेवटचं बोलली.

सातच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, आता ठीक आहे, झोपू द्या. मी मुलीला म्हणालो, घरून कपडे घेऊन येतो. घरी गेलो नाही. कंपनीत गेलो. रॅक टेबलावरच होता. सगळ्या ट्यूब वितळलेल्या. मी त्या परत फ्रीझरमध्ये ठेवल्या. दार लावलं. रजिस्टरमध्ये 'आत'च्या रकान्यात लिहिलं... तीन पंचावन्न.

घड्याळात साडेसात होऊन गेले होते.

तिच्या कागदावर मृत्यूची वेळ सात पस्तीस आहे.

पंधरा दिवसांनी मी कामावर आलो, तेव्हा चाळीस ट्यूब एका प्रयोगशाळेकडे पाठवायच्या बाकी होत्या. मी त्या पाठवल्या. आठ ट्यूब नेहमीसारख्या राखीव म्हणून मागे ठेवल्या. तोंड उघडायची हिंमत झाली नाही. मनाला म्हणालो, चालून जाईल. कदाचित मेलं नसेल.

दोन महिन्यांनी तक्रार आली. तुमचं प्रोटीन काहीच काम करत नाही, आमचे सगळे प्रयोग वाया गेले.

आमच्या क्वालिटीच्या मॅडम कडक आहेत, पण मनाने वाईट नाहीत. त्यांनी राखीवपैकी दोन ट्यूब तपासल्या. त्याही मेलेल्या. मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"स्टोअर, तुम्हाला आधी सांगावं म्हणून बोलावलंय. बाहेरून कळायला नको."

"काय झालं?"

"लॉट मुळातच बिघडलेला होता. पण चाचणीचा आकडा तर छान लिहिलाय. याचा अर्थ एकच निघतो." त्यांनी आवाज खाली आणला. "चाचणी झालीच नसावी. बाई आजारी होत्या. अंगात त्राण नसेल. अंदाजाने आकडा लिहिला असेल."

मी त्यांच्या टेबलावरच्या फायलीकडे बघत राहिलो.

"येत्या शुक्रवारी अहवाल जाईल. माझा नाइलाज आहे. वाईट वाटून घेऊ नका."

मी "बरं" म्हणून बाहेर आलो.

खोटी वेळ मी लिहिली होती. आणि खोटी ठरणार होती ती. खरं सांगितलं तर नोकरी जाणार. तीन वर्षांवर निवृत्ती, मुलीचं शिक्षण चालू. मी स्वतःला म्हणालो, ती तर गेली. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?

तोच हा मंगळवार.

मी केबिनमधून थेट फ्रीझरच्या खोलीत आलो. स्टुलावर बसलो.

आणि घरघर थांबली.

तिन्ही फ्रीझरची. एकदम.

मी चटकन आकडे पाहिले. उणे ऐंशी, उणे ऐंशी, उणे एकोणऐंशी. हिरवे दिवे चालू. यंत्रं चालूच होती... फक्त आवाज नव्हता.

मग माझ्या पाठीमागे आवाज झाला.

टिक् टिक्...

टिक्.

मी ओळखला.

ट्यूबच्या झाकणाला थेंब चिकटतो. तो तळाशी यावा म्हणून नखाने टिचकी मारतात. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. कोणी एकच जोरात मारतो, कोणी पाच-सहा मारत सुटतो. ती दोन भराभर मारायची. मग ट्यूब उजेडात धरून बघायची. मग एक.

टिक् टिक्... टिक्.

मी वळलो. कोणी नव्हतं. टेबलावर एक ट्यूब उभी होती.

मी आलो तेव्हा टेबल रिकामं होतं. शपथेवर सांगतो.

लेबल पाहिलं. तिच्या लॉटची राखीव ट्यूब होती. उणे ऐंशीतून काढलेल्या ट्यूबवर क्षणात पांढरी भुकटी धरते, बोटांना चटका बसतो. या ट्यूबवर काहीच नव्हतं. कोरडी होती.

मी हातात घेतली.

कोमट होती... कोणीतरी बराच वेळ मुठीत धरून नुकतीच खाली ठेवावी तशी.

घरघर पुन्हा सुरू झाली.

मी फ्रीझरच्या दाराचा, यंत्र आपोआप नोंदवतं तो आलेख काढून बघितला. दार उघडलं की त्या रेषेत खड्डा पडतो. त्या दुपारी एकही खड्डा नव्हता. मग फ्रीझर उघडून मोजलं. राखीव सहा उरल्या होत्या, आता पाच.

बुधवारी तीन चाळीसला पुन्हा तेच. उरल्या चार.

गुरुवारी मी मुद्दाम तिथे थांबलो नाही. कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. चार वाजता परत आलो तर नव्या बाई खोलीच्या दाराशी उभ्या.

या नव्या बाई म्हणजे माझ्या बायकोच्या जागी आलेल्या. पस्तिशीच्या असतील. तोंडाने फटकळ, कामाला वाघ. माझ्या बायकोला त्यांनी कधी पाहिलेलं नाही, तिचा आवाज ऐकलेला नाही.

"अहो स्टोअर, चहा प्यायला गेलात की चहा पिकवायला? मी कधीची उभी आहे."

"काय हवंय?"

"मला काही नको. तुमच्या आत कोण बाई काम करतात?"

मी दाराकडे पाहिलं.

"मघाशी मी इथून चालले होते, तर आतून कोणीतरी विचारलं, 'आत?' म्हटलं मलाच विचारतायत, आत येताय का म्हणून. मी म्हणाले, नाही, बाहेरच आहे. तर पुन्हा तेच. 'आत?' दार उघडलं तर कोणी नाही. दुसरं दार आहे का या खोलीला?"

"नाही," मी म्हणालो.

"मग?"

"आवाज कसा होता?"

"थकल्यासारखा. तोंडात घास असल्यासारखा बोबडा." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा चेहरा बदलला. "स्टोअर, बसा. खाली बसा आधी. पाणी आणू का?"

आत टेबलावर तिसरी ट्यूब उभी होती.

आणि एक गोष्ट मला आतून खात होती. मला आवाज आला नव्हता. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मला फक्त टिचकी. परक्या बाईला ती विचारते, आणि मला विचारत नाही.

त्या संध्याकाळी मुलगी ताटावर बसून होती. जेवत नव्हती.

"बाबा, मला कंपनीतून कळलं. आईने खोटा आकडा लिहिला म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"कोणी का म्हणेना. खरं आहे?"

मी भात कालवत राहिलो.

"मी तेव्हा तिच्याशी भांडत होते," ती म्हणाली. "डोकं दुखतंय तर घरी थांब ना, कशाला जातेस मरायला, असं म्हणाले होते मी. याच शब्दांत. तिला उभंही राहवत नसणार. म्हणून तिने तसं केलं असेल. पण आई असं करेल? बाबा, तू सांग ना. मी दहावीत चाळीसचे त्रेचाळीस करून सांगितले तर दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

"जेव," मी म्हणालो.

"तू बोलत का नाहीस काही?"

मी उठून हात धुतले. आरशात बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळपासून क्वालिटीच्या मॅडम अहवाल पक्का करत बसल्या होत्या. पाच वाजता जाणार होता.

तीन पस्तीसला मी फ्रीझरच्या खोलीत गेलो. दार आतून लावून घेतलं. स्टूल टेबलासमोर ओढलं. टेबल पूर्ण रिकामं केलं. पेन नाही, हातमोजे नाहीत, काही नाही.

तीन चाळीस.

घरघर थांबली.

मी टेबलाकडे बघत होतो. डोळ्यांची पापणी लवू दिली नाही...

ट्यूब आली नाही.

टिचकी नाही. काही नाही. इतकी शांतता की माझ्याच कानातलं रक्त मला ऐकू येत होतं.

मग माझ्या उजव्या खांद्यापाशी ऊब जाणवली. त्या खोलीत उकडतं हे मी सांगितलंच आहे. पण ही ऊब तशी नव्हती. एवढीशीच होती. तळहाताएवढी. आणि ती हलत होती... खांद्यावरून दंडावर. दंडावरून मनगटावर. मनगटावर थांबली.

माझी उजवी मूठ आपोआप मिटली गेली. मी मिटली नाही. मिटली गेली.

मी डोळे मिटले आणि बोललो. मोठ्याने बोललो.

"नाही. आत ठेवला नव्हता. टेबलावरच राहिला होता. चार तास. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. नंतर येऊन ठेवला आणि रजिस्टरमध्ये खोटी वेळ लिहिली. तुझं काही चुकलं नव्हतं. मीच ते मारलं. आणि तू गेलीस तेव्हा मी तिथे नव्हतो. मी इथे होतो. दार लावत होतो."

किती वेळ गेला सांगता येत नाही.

मला उत्तर हवं होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. मी कान टवकारून बसलो होतो.

काही आलं नाही.

मनगटावरची ऊब गेली. घरघर सुरू झाली. मी मूठ उघडली. आत ट्यूब नव्हती. तळहात ओला होता. एक थेंब.

तो मी कशाला पुसला, कसा पुसला, मला आठवत नाही.

दार उघडलं तर नव्या बाई दाराला कान लावून उभ्या. मला बघून त्या दचकल्या नाहीत. मी त्यांना दिसलोच नसेन अशा बघत होत्या. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"तुम्ही ऐकलंत?" मी विचारलं.

"हो."

"सगळं?"

"तुमचं ऐकलं." त्यांनी माझ्यामागे खोलीकडे बोट केलं. "आणि त्यांचंही."

"ती बोलली?"

"किती वेळ बोलत होत्या. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

"काय म्हणाली?"

त्यांनी मान हलवली. "आधी मॅडमकडे जा. पाच वाजायला आलेत."

मी घड्याळ पाहिलं. चार बावन्न. मला वाटलं होतं पाच मिनिटं झाली असतील.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग बायको गेली त्या गुरुवारचा फ्रीझरचा आलेख काढला. तीन चाळीसला एक खड्डा. तीन पंचावन्नला काही नाही. सात चौतीसला दुसरा खड्डा.

त्यांनी दुसऱ्या खड्ड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "हे मी आधीच बघायला हवं होतं. रजिस्टरवर तुमची सही होती, म्हणून बघितलं नाही. सव्वीस वर्षांची सही."

त्यांनी अहवाल माझ्यासमोर फाडला. नवा लिहिला. त्यात बायकोचा आकडा खरा धरला गेला आणि चूक माझ्या नावावर आली. महिनाअखेरीला मी राजीनामा दिला. त्यांनी काढलं नाही, द्या म्हणाल्या. तेवढी मेहरबानी.

मुलीला त्याच रात्री सांगितलं. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "आईचा आकडा खरा होता ना?" मी हो म्हणालो. ती खूप रडली. मीही.

तिथेच संपायला हवं होतं. मला वाटलं होतं संपेल.

राजीनाम्याच्या दिवशी मी नव्या बाईंना गाठलं.

"आता सांगा. काय म्हणाली ती?"

"ते सोडून बोला, स्टोअर."

"वाईट बोलली का? बोलली असेल तर माझी तक्रार नाही. पण मला कळू द्या."

"वाईट नाही."

"मग चांगलं? माफ केलं म्हणाली?"

त्या नजर चुकवत होत्या. एरवी ज्या बाईला मालकाच्या तोंडावर बोलायची भीती वाटत नाही, ती बाई.

"तुमच्याशी नव्हत्याच बोलत त्या," शेवटी म्हणाल्या. "तुमचं सांगून झालं आणि मग त्या दाराजवळ आल्या. माझ्याशी बोलल्या. आमच्या मधे दाराची फळी तेवढी होती."

"काय?"

"तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

यापुढे त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मी हात जोडले, चिडलो, रडलो. नाही म्हणजे नाही.

पण त्या संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. पहिल्यांदाच. माझ्या मुलीला गॅलरीत घेऊन गेल्या आणि काचेचं दार लावून घेतलं. अर्धा तास बोलत होत्या. मला काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मुलीने एकदाच वळून माझ्याकडे पाहिलं. मी मीच आहे की कोणी परका, याची खात्री करून घ्यावी तसं.

तिलाही विचारलं. ती म्हणते, "बाबा, नको ना."

याला आता सात महिने झाले. टिचकी परत कधी ऐकू आली नाही. ऊब नाही, काही नाही. राखीव राहिलेल्या तीन ट्यूब मॅडमनी नष्ट केल्या असं कळलं. बायकोचं नाव स्वच्छ आहे. यापेक्षा जास्त काही मी मागू नये.

फक्त एक आहे.

त्या दिवसापासून मला कोणी एकटं सोडत नाही.

शिक्षण संपल्यावर मुलीने शहराबाहेरची चांगली नोकरी नाकारली, इथेच साधी धरली. ती कामावर गेली की नव्या बाई येतात. सुट्टी काढून येतात, नवऱ्याला सांगून येतात. भाजी निवडत बसतात, माझी थट्टा करतात, पण मी दुसऱ्या खोलीत गेलो की त्यांचं बोलणं थांबतं. मी न्हाणीघरात असलो तरी बाहेर कोणीतरी उभं असतं. आतून कडी लावू देत नाहीत.

माफ केलं असेल तर लपवायचं काय कारण? आणि केलं नसेल... तर ती काय म्हणाली असेल?

आत्ता मी हे लिहितोय तेव्हा मुलगी शेजारच्या खोलीत आहे. मधलं दार उघडं आहे. दर थोड्या वेळाने ती हाक मारते, "बाबा, आहेस ना?"

मी म्हणतो, "आहे."

मग ती आणखी काही क्षण थांबते. जणू 'आहे' म्हणणारा मीच का, हे ऐकून घेते.

ती माझ्यासाठी घाबरते की मला, हे अजून मी तिला विचारलेलं नाही.